वाचनाचेही प्रॅक्टिकल घ्या

प्रति,
माननीय कुलगुरू,
शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर.

विषय : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासकौशल्यांच्या कार्यशाळा.



हे पत्र टपालाने पाठवले असते तर त्यावर आवक क्रमांक पडला असता आणि कागदाचे जे होते ते त्याचे झाले असते. पण विषय कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या पोरांचा आहे. तो त्यांच्या आईबापांच्याही कानावर जावा, म्हणून उघड लिहितो.

मी मुरगूडचा. सकाळी आमच्या स्टँडवर उभे राहिले की यमगे, निढोरी, कुरणी, सुरुपली, चिमगाव अशा आसपासच्या गावांतून आलेली मुले-मुली दिसतात. पाठीला सॅक, सॅकमध्ये दोनशे पानी एक वही, सगळ्या विषयांना मिळून तेवढीच, आणि एखादे गाईड. अशा मुलांना पुस्तके देण्याघेण्याचे काम मी बरीच वर्षे केले. या भागातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते एकट्या त्याचे नाही आणि त्यातला निम्मा दोष माझा आहे.

तो आधी कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही 'अभ्यासकौशल्ये : एकदिवसीय कार्यशाळा' घेतली. फ्लेक्स मीच करून आणला. हॉल भरलेला दिसावा म्हणून दोन वर्गांचे तास सोडून पावणेदोनशे मुले आणून बसवली. वेळ साडेदहाची, पाहुणे आले पावणेबाराला. मग रोपाला पाणी घातले, स्वागत झाले, प्रास्ताविक झाले, परिचय झाला, शाल-श्रीफळ झाले. पाहुण्यांचा पहिलाच मुद्दा होता वेळेचे नियोजन. ते रंगात आले तेवढ्यात मागच्या रांगांनी सॅका पाठीला लावल्या, कारण दीडची गाडी चुकली की पुढची चारला. अध्यक्षीय भाषण बहुतांशी खुर्च्यांनीच ऐकले. अभिप्रायाचे कोरे फॉर्म उरले होते, ते संध्याकाळी ऑफिसात बसून भरले. 'कार्यशाळा अत्यंत उपयुक्त वाटली' हे वाक्य मी सांगितले. फोटो चिकटवले आणि अहवाल महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषाच्या, म्हणजे 'विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती'च्या, फायलीत लावला. अहवाल माझ्याच अक्षरात आहे. त्या दिवशी एकाही मुलाने पेनाचे टोपण काढले नाही, एवढी गोष्ट सोडून त्यात सगळे आहे.

कार्यशाळा हा शब्द आपण किती सैल केला आहे बघा. एसटीची कार्यशाळा असते. तिथे गाडी आत घेतात, खोलतात, हात काळे करतात, चाचणी घेऊन बाहेर सोडतात. इंजिनाचे महत्त्व या विषयावर गाडीपुढे भाषण देऊन तिला घाटात पाठवत नाहीत. आपण मुलांच्या बाबतीत नेमके तेच करतो.

बरे, मुलांना येत नाही ते काय? मोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. काउंटरवर दिसलेल्या दोन लहान गोष्टी सांगतो.

तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा जाडजूड पुस्तक घेऊन आला. त्याला सहकारी साखर कारखान्यांवर मजकूर हवा होता. "सर, ह्यात असंल का हो? एवढं सगळं वाचायला टाइम न्हाई." मी पुस्तक उलटे धरले, शेवटची पाने उघडली, सूचीत बोट फिरवले आणि 'गाडगीळ, धनंजयराव' आणि 'साखर कारखाने' या दोन नोंदींपुढचे पृष्ठांक त्याला दाखवले. हातचलाखी पाहावी तसा तो बघत राहिला. "मागं असं असतंय व्हय?" दोन महिन्यांनी हा मुलगा पदवीधर होणार होता. पुस्तकाला पाठीमागूनही दार असते, हे त्याला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितले नव्हते. आपल्या अनेक मराठी पुस्तकांना सूचीच नसते, तेव्हा थोडा दोष प्रकाशकांकडेही जातो. पण तो पोरगा माझ्या ग्रंथालयात तीन वर्षे येत होता, आणि मीही सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट पहिल्या वर्षाच्या एका मुलीची. इतिहासाचे पुस्तक घेऊन वाचनकक्षात बसायची, मन लावून वाचायची आणि नापास व्हायची. एकदा शेजारी जाऊन बसलो. झेरॉक्स केलेले पान पिवळ्या हायलायटरने वरपासून खालपर्यंत रंगवलेले. म्हटले, एवढे कशाला रंगवलेस? "सगळंच महत्त्वाचं वाटतंय सर. मग सगळ्यालाच रेघ मारली."

पान राजर्षी शाहूंच्या शिक्षणकार्यावरचे होते. मी ते पालथे घातले आणि म्हणालो, आता सांग. ती गप्प. पुन्हा वाचायला लावले, पण या वेळी समासात तीन प्रश्न लिहून : काय केले, केव्हा, आणि कुणाला काय भोगावे लागले? आता तिला सापडले. 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत घातले नाही तर महिन्याला एक रुपया दंड. मी विचारले, दंड कुणाला? "पालकाला." पोराला का नाही? ती थांबली. पुस्तकात याचे उत्तर नव्हते. मग म्हणाली, "पोरगं आपणहून कुठं शाळा बुडवतंय? त्याला रानात कोण न्हेतंय, घरातलंच की. मग दंड घरच्यालाच बसाय पायजे."

कुलगुरू महोदय, हे वाक्य परीक्षेत लिहिले असते तर तपासणाऱ्याने पेन खाली ठेवले असते. मुलीला डोके नव्हते असे नाही. पानाला प्रश्न विचारायचा असतो हे तिला माहीत नव्हते. पंचवीस मिनिटांचे काम होते. ते पावणेदोनशे मुलांच्या हॉलमध्ये होत नाही. पाहुणा कितीही मोठा असला तरी होत नाही.

त्याच पानावर खाली वसतिगृहांची हकिकत होती. मूळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या या राजाचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते एका गोष्टीचे : अडले कुठे आहे ते त्याने आधी पाहिले. खेड्यातला पोरगा कोल्हापुरात शिकायला का राहत नाही? डोके नाही म्हणून नव्हे, राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नाही म्हणून. तेव्हा 1901 पासून एकामागून एक बोर्डिंगे निघाली. 'शिक्षणाचे महत्त्व' या विषयावर शाहूंना गावोगाव भाषणे देता आली असती. त्यांनी छप्पर दिले आणि चूल पेटवली.

पुढची अडचण अंतराची. 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले आणि मग मुरगूडसारख्या गावांपर्यंत महाविद्यालये आली. कागलच्याच आनंद यादवांना शाळेसाठी घराशी आणि रानातल्या कामाशी कशी झुंज द्यावी लागली, ते त्यांच्या 'झोंबी'त आहे. त्या पुस्तकाला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज कागल तालुक्यातल्या पोराला शाळेसाठी सहसा घराशी भांडावे लागत नाही. उलट बाप उसाच्या बिलातून फी भरतो आणि गाडीवरून सोडायलाही येतो. छप्पर आहे, गाडी आहे, प्रवेश आहे. आता अडते ते पुस्तक उघडल्यानंतर. राजाने केले तसे अडल्या जागी बोट ठेवायचे, तर ते आज या पानावर ठेवावे लागेल.

यावर मला हमखास एक उत्तर मिळते : "मग बिरदेव कसा झाला?" खरे आहे. 22 एप्रिल 2025 ला केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला आणि आमच्या शेजारच्या यमग्याचा, मेंढपाळाचा मुलगा बिरदेव डोणे 551 व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. निकाल कळला तेव्हा तो मेंढरांत होता. आम्हा सगळ्यांची छाती फुगली. त्यानंतर या भागात मार्गदर्शन शिबिरांना ऊत आला आणि प्रत्येक शिबिरात त्याचे उदाहरण. पण खडकातून वाट काढणाऱ्या एकाचे नाव घेऊन बाकीच्यांना 'तुम्हीही काढा' म्हणणे हा सल्ला झाला, सोय नव्हे. ज्यांना स्वतःहून वाट सापडत नाही, त्या साध्या, कष्टाळू, पन्नास टक्क्यांच्या पोरांसाठी संस्था असतात.

आता मागणीवर येतो.

विज्ञानाच्या मुलाला टायट्रेशन कसे शिकवतात? वीसेक जणांची बॅच करतात. प्रत्येकाच्या हाताशी ब्युरेट. थेंब थेंब सोडायचा, रंग पालटला की थांबायचे, एक थेंब जास्त पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मग जर्नल लिहायचे, सरांची सही घ्यायची. टायट्रेशनवर पाहुण्यांचे व्याख्यान ठेवले आणि सगळ्यांना प्रमाणपत्रे वाटली, असे कधी घडले आहे का? वाचणे, टिपण काढणे, उत्तर बांधणे, संदर्भ देणे ही तितकीच हाताने शिकायची कामे आहेत. म्हणून माझी मागणी एका ओळीत मावते : वाचनाचेही प्रॅक्टिकल घ्या. बॅच करा, जर्नल ठेवा, सही करा.

यासाठी नवा विषय काढायला नको. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात कौशल्यवर्धनाच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेतच. एक श्रेयांक म्हणजे व्याख्यानाचे पंधरा तास किंवा प्रात्यक्षिकाचे तीस. सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला दोन तास. पहिल्या सत्रात एवढाच एक श्रेयांक या कामाला द्या. विद्यापरिषदेने आणि अभ्यासमंडळांनी मनावर घेतले तर एवढे जमण्यासारखे आहे.

पंधरा आठवड्यांत काय करायचे, तेही मांडतो.

पहिले चार आठवडे फक्त एक पान वाचायचे. आधी प्रश्न, मग वाचन, मग पान झाकून सांगणे. यात नवे काही नाही. अमेरिकेत फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1946 साली ही रीत पुस्तकात मांडली. आणि पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिलेले जास्त दिवस टिकते, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रयोगांनी दाखवले. आमची आजी तेच करायची. पाटीवरचा पाढा पुसून म्हणायला लावायची.

पुढचे चार आठवडे टिपण. शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली त्याच 1962 साली कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांचे अभ्यास कसा करावा यावरचे पुस्तक निघाले. त्यातली रीत साधी : वहीच्या पानाला डावीकडे उभी रेघ मारायची. उजवीकडे तासाला ऐकलेले लिहायचे, डावीकडे घरी आल्यावर त्याचे प्रश्न, तळाला दोन ओळींत सार. खर्च एका रेघेचा. आपली मुले आजही सर सांगतात ते 'उतरवून' घेतात आणि सर थांबले की पेनही थांबते.

त्यापुढचे चार आठवडे उत्तर. 'चर्चा करा', 'फरक स्पष्ट करा', 'टीप लिहा', 'परीक्षण करा' या चार आज्ञा वेगळ्या आहेत, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. विषय दिसला की पाठ केलेले ओतायचे, मग विचारले काहीही असो. प्रत्येकाने दर आठवड्याला एक उत्तर लिहावे, शेजारच्याने ते तपासावे आणि मग दोघांनी मिळून दुसरा खर्डा करावा. दुसरा खर्डा करायचा असतो, ही गोष्टही नवीच असते.

राहिलेले तीन आठवडे ग्रंथालय. पुस्तकाची सूची, मराठी विश्वकोशाचे वीस खंड (आता ते मोबाइलवर फुकट आहेत), महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटकडून मिळणारी एन-लिस्टची ई-पुस्तके, आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो. मराठी माध्यमातला मुलगा दहावीपर्यंत 'परासरण' शिकतो. अकरावीत त्याला 'ऑस्मॉसिस' भेटतो आणि ही जुनीच ओळख आहे हे त्याला कळत नाही. तो नव्याने घाबरतो. बी.एस्सी.ला गेल्यावर असे शब्द शेकड्यांनी येतात. मुलाला विषय येत असतो, विषयाचे दुसरे नाव येत नसते. कोश आहेत, ते उघडायला लावणारा तास नाही.

याच तीन आठवड्यांत दुसऱ्याचे वाक्य आणि आपले वाक्य यांतला फरकही शिकवा. प्रकल्पांचे काय चालते ते आपल्याला सांगायला नको. मी पाहिलेल्या एका स्पायरल प्रकल्पात मुखपृष्ठावर एका साखर कारखान्याचे नाव होते आणि आत सोळाव्या पानावर दुसऱ्याच. गेल्या वर्षीच्या मुलाचा कारखाना तिथे पुसायचा राहिला होता. आता चॅटजीपीटी आल्याने एवढीही खूण राहत नाही. मुलांवर चिडून उपयोग नाही. ज्याला चार ओळी स्वतःच्या मनाने लिहायला कुणी शिकवले नाही, तो चोरी करत नसतो, वेळ निभावत असतो. निभावण्याची गरज पडू नये, हे आपले काम.

शिकवणार कोण, हा खरा प्रश्न. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आधीच धावपळीत आहेत, त्यांच्यावर हे बिनमोबदल्याने लादू नका. तासाचे तासाला पैसे द्या. ग्रंथपालाला यात अधिकृतपणे घ्या. तो वर्षभर मुलांचे वाचन जवळून पाहतो आणि त्याला कुणी विचारत नाही. आणि तिसऱ्या वर्षाची मुले घ्या. कमवा व शिका योजना आपल्याकडे आहे. बागेला पाणी घालण्याचे, ऑफिसातले कागद लावण्याचे मानधन मुलांना मिळते, मग पहिल्या वर्षाच्या पाच जणांना पान वाचायला बसवण्याचे का मिळू नये? अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत 1973 पासून हीच पद्धत आहे. अवघड विषय आधी पार केलेला विद्यार्थी नव्या मुलांचा गट चालवतो. ती पुढे अनेक देशांत गेली. शिवाय यात दुहेरी लाभ आहे. ज्याला सूची दाखवायची वेळ येते, तो सूची विसरत नाही.

काही जण म्हणतील, हे शाळेचे काम, विद्यापीठाने का निस्तरावे? म्हणणे बरोबर आहे. पण पोर आज आपल्या दारात आहे. त्याला परत पाचवीत पाठवता येत नाही.

आणि एक विनंती वेळेबद्दल. हे तास रविवारी किंवा कॉलेज सुटल्यावर ठेवू नका. रोजच्या वेळापत्रकात, मधल्या तासांना ठेवा. खेड्यातल्या मुलाचा आणि त्याहून जास्त मुलीचा दिवस गाडीच्या वेळेने बांधलेला असतो. 'ऐच्छिक' आणि 'जादा' असे लिहिले की त्याचा अर्थ 'कॉलेजच्या गावातच राहणाऱ्या मुलांसाठी' असा होतो. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच तेवढ्यात स्टँडवर पोचलेली असतात.

तीनही जिल्ह्यांत एकदम करा असे म्हणत नाही. दहा ग्रामीण महाविद्यालये निवडा, एक सत्र करून पाहा. पहिल्या आठवड्यात एक अनोळखी पान देऊन मुलांकडून सार लिहून घ्या, पंधराव्या आठवड्यात तसेच दुसरे पान द्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. अभिप्रायाचा फॉर्म ठेवू नका. तो कसा भरतात ते मी वर सांगितलेच आहे. कागदांत फरक दिसला नाही तर योजना बंद करा. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

मी निवृत्त आहे, सकाळी मोकळा असतो. या दहांत मुरगूड परिसरातले एखादे महाविद्यालय असेल, तर एक बॅच माझ्याकडे द्या. वीस मुले, एक खोली, आठवड्याचे दोन तास. मानधन नको, आणि उद्घाटनाला कुणाला पाठवू नका. सत्र संपल्यावर वह्या तपासायला मात्र कुणाला तरी जरूर पाठवा.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मुरगूड, ता. कागल, जि. कोल्हापूर.